वरातीत वाजला तो आवाज

बाई, त्या दिवशी वरातीत तुमचा आवाज वाजला, तो कॅसेटवाल्या भाईंनी कुणाला दिला नव्हता. मी दिला होता. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली आणि लिहून झाल्यावर ते इतकं लहान दिसतंय की माझाच मला राग येतोय. एवढंच तर म्हणायचं होतं. तुमच्या स्वयंपाकघरात, पाटावर बसून, हातात चहाची बशी असताना म्हणायचं होतं. ते मी आता पुण्यात, स्वतःच्या टेबलाशी, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाल्यावर लिहितेय. आणि त्याआधीही दोन कागद फाडले. पहिल्यात मी सुरुवातीलाच स्वतःची बाजू मांडायला लागले होते आणि दुसऱ्यात तुमची स्तुती करत सुटले होते. स्तुती तुम्हाला कधी रुचली नाही. आमच्या वहीत कुणी 'फार छान' असं लिहिलं की तुम्ही लाल पेननं खाली रेघ ओढून शेजारी लिहायच्या, 'छान म्हणजे काय?' आणि वही परत करायच्या.

जालना नुकताच जिल्हा झाला होता तेव्हा मी पाचवीत तुमच्या शाळेत आले. वर्गातल्या नकाशात आपण अजून औरंगाबादेतच होतो. पहिल्याच तासाला तुम्ही निळ्या पेन्सिलीनं त्यावर नवी हद्द काढलीत आणि म्हणालात की नकाशे मागून येतात, माणसं आधी जातात. मला काही कळलं नाही, पण भूगोलाच्या बाई वेगळ्या आहेत एवढं कळलं. खरं कळलं ते शनिवारी. शनिवारी सकाळची शाळा, शेवटचा तास भूगोलाचा. तुम्ही वायरच्या पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला रेडिओ-टेपचा टू-इन-वन काढता, टेबलावर ठेवता, पदरानं त्याची काच पुसता. आम्ही साठ मुली माना उंच करून बघतोय. तुम्ही नकाशावर काठी ठेवता, आफ्रिकेच्या पश्चिमेला, आणि म्हणता, 'आज मालीला जाऊ. एक माणूस आहे, भोपळ्याच्या वाद्यावर वीसेक तारा लावून बसलाय. ऐका. लगेच नावं ठेवू नका.' मग बटण दाबता. आधी नुसती खरखर, समुद्रासारखी, आणि त्यातून ते वाद्य वर येतं. हे 'लगेच नावं ठेवू नका' तुम्ही दर गाण्याआधी म्हणायच्या. आम्ही ते इतक्यांदा ऐकलं होतं की मधल्या सुट्टीत एकमेकींच्या डब्यातली भाजी बघूनही तेच म्हणायचो.

ही गाणी तुम्ही कुठून आणायच्या, ते मला सातवीत असताना तुमच्या घरी आल्यावर दिसलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रेडिओच्या एरियलची तांब्याची तार शेजारच्या शेवग्यापर्यंत गेलेली. पहाटे चार-साडेचारला उठून तुम्ही शॉर्टवेव्हचा काटा केसाएवढा सरकवत बसायच्या. कधी तुर्कस्तान लागे, कधी बल्गेरियातल्या बायकांचं ते एकमेकींना घासून जाणारं गाणं, कधी पेरूची बासरी, आणि कधी तासभर नुसती शिट्टी. लागलं की रेकॉर्डचं बटण. गल्लीत बोलायचे की बाई पाकिस्तानशी बोलतात. तुम्ही एकट्या राहायच्या, केदारखेड्याच्या शेतकरी घरातून नवऱ्याला न सांगता परत आल्या होत्या म्हणे, तेव्हा लोकांना तार नसती तरी बोलायला काही ना काही मिळालंच असतं. परदेशी स्टेशनांना तुम्ही हिंदीतून पत्रं लिहायच्या: अमुक वाजता लागलं, इतकं स्वच्छ आलं, मधे दुसरं स्टेशन घुसलं, गाण्यात पाच माणसं होती असं वाटतं, बरोबर का? आणि उत्तरं यायची बाई. रंगीत कार्डं, कॅलेंडरं, एकदा तर कुठल्याशा पहाडातल्या मेंढ्यांचा फोटो. वर्गाची मागची भिंत त्यांनी भरली होती.

तेच तुम्ही आम्हाला करायला लावलंत. प्रत्येकीची एक वही, 'ऐकल्याची वही'. वर देश, मग गाणं स्वच्छ आलं की खरखरीत, आणि खाली काय ऐकलं ते. चांगलं आणि वाईट हे दोन शब्द बंद. किती माणसं, श्वास कुठे घेतला, कुठलं वाद्य थांबलं आणि कुठलं चालू राहिलं, हे लिहायचं. मंगोलियाचा म्हातारा एकाच घशातून दोन आवाज काढायला लागला त्या शनिवारी मी मोठ्यानं हसले. पाठोपाठ सगळा वर्ग फुटला. तुम्ही टेप बंद केला. मला वाटलं, आता छडी. तुम्ही माझ्या बाकापाशी आलात आणि हळूच, घरी बोलायच्या त्या बोलीत म्हणालात, 'तुला हसू आलं, येऊ दे. पर मला सांग, त्यो श्वास कवा घेऊन राह्यला?' मला सांगता येईना. तुम्ही ते गाणं चार वेळा लावलंत, फक्त माझ्यासाठी, शाळा सुटल्यावर. चौथ्या वेळी मला तो श्वास सापडला. एवढासा, नाकातून. मी वहीत तो लिहिला आणि तुम्ही त्याखाली काहीच लिहिलं नाही, नुसती सही केलीत. त्या सहीची शेखी मी महिनाभर मिरवली. पुढे जे केलं ते त्या हसण्याचंच मोठं रूप होतं, एवढंच की तेव्हा मला कुणी थांबवलं नाही.

भाईंची ओळखही तुमच्यामुळेच झाली. जुन्या जालन्यात कापडाच्या ठोक दुकानांच्या गल्लीत त्यांचं कॅसेटचं दुकान होतं, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. त्यांचा भाऊ आखातात होता आणि तो तिकडून इजिप्तच्या, सुदानच्या कॅसेटी धाडायचा. तुम्ही तुमच्या रेडिओवरच्या भरलेल्या कॅसेटी त्यांना द्यायच्या, ते त्यांच्या डबल डेकवर एकीवरून दुसरी भरून परत करायचे, वर भावाच्या दोन ऐकायला द्यायचे. शनिवारी दुपारी तुम्ही दुकानाच्या पायरीवर, ते आत स्टुलावर, मधे काउंटर, आणि कुणीतरी अरबी बाई एकच ओळ पंधरा मिनिटं फिरवून फिरवून गातेय. लग्नाची गाणी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक वैतागायचं, 'भाई, हे काय लावून बसलेत?' भाई म्हणायचे, 'बाईंचं हाय. दोन मिनिट ऐका, मंग तुमचं लावतो. घाई काय हाय, जल्दी फक्त नवरदेवाला असती.' तुम्ही तेव्हा तोंडावर पदर धरून हसायच्या. शाळेत तुम्हाला असं हसताना मी कधी पाहिलं नाही.

बारावी झाली आणि मला औरंगाबादला कॉलेजात, होस्टेलवर जायचं ठरलं. तुम्ही घरी बोलावलंत. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, आणि जेवणानंतर कपाटातून एक नव्वद मिनिटांची कॅसेट. पाठीवरचे प्लॅस्टिकचे दोन्ही दाते मोडलेले, म्हणजे तिच्यावर कुणी चुकूनही दुसरं काही भरू नये. आत चिठ्ठीवर भाईंच्या अक्षरात देशांची नावं, त्यावर त्यांच्या दुकानाचा शिक्का. तुम्ही म्हणालात, 'तिकडं सांगायला मी न्हाई. म्हणून मधी मधी बोलून ठेवलंय.' होस्टेलवर पहिल्या रात्री मी ती लावली तर प्रत्येक गाण्याआधी तुमचा आवाज. आज मालीला जाऊ. आज बल्गेरियाला. माझ्या एकटीसाठी बोलतानाही तुम्ही वर्गाशी बोलावं तसंच बोलला होतात, तेच 'ऐका, लगेच नावं ठेवू नका'. मी उशी तोंडावर दाबून रडले. हे खरं आहे. पुढचं वाचताना ते विसरू नका असं मला म्हणायचंय, पण तसं म्हणणं म्हणजे परत स्वतःची बाजू मांडणंच झालं.

कारण दीड वर्षात मला त्याच आवाजाची लाज वाटायला लागली होती. होस्टेलवरच्या मुली पुण्या-मुंबईकडे नातेवाईक असलेल्या, त्यांच्याकडे इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटी. माझी कॅसेट एकदा चुकून खोलीत चालू राहिली आणि माझ्या खोलीतली मैत्रीण हसून लोळायची बाकी राहिली. 'कोण गं ही? मालीला जाऊ म्हणते, जसं एसटीनं बदनापूरला चाललीय.' मी म्हणायला हवं होतं, माझ्या बाई आहेत. मी म्हणाले, 'होती आमच्या शाळेत एक.' होती. एक. आणि मग तिच्याबरोबर मीही हसले. तेव्हा जुन्या गाण्यांवर ड्रमचा ठेका चढवून विकायचं नुसतं पेव फुटलं होतं, रिक्षा-रिक्षात तेच. गॅदरिंग जवळ आलेलं. मैत्रिणीच्या भावाकडे दोन डेकचा टेप आणि एक छोटा कीबोर्ड होता. आम्ही एका रविवारी त्याच्या घरी बसलो. एका डेकमध्ये तुम्ही, दुसऱ्यात कोरी कॅसेट, आणि माझं बोट पॉजच्या बटणावर. 'नावं ठेवू नका' एवढंच घ्यायचं, थांबायचं, मागं फिरवायचं, परत तेवढंच. चाळीस वेळा. हात इतका बसला की शेवटी शेवटी मी न बघता ते करत होते. तुमचा श्वास कुठे सुरू होतो ते मला पाठ होतं, तुम्हीच ऐकायला शिकवलेलं. मी तो श्वास कापून टाकला, म्हणजे तुमच्या 'नका'ला 'नका' बरोबर जोडून येईल. मग खाली कीबोर्डचा ठेका, आणि मधेच मंगोलियाचा म्हातारा. काम उत्तम झालं होतं बाई. हे सांगतानाही मला अजून किंचित अभिमान वाटतो, आणि तीच सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

गॅदरिंगला मी तुम्ही झाले. अंबाडा, पांढरी साडी, वायरची पिशवी. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला डबा काढला, पदरानं पुसला, नकाशावर काठी ठेवली. मागून तुमचा आवाज सुरू झाला, आणि मी त्यावर मान तोडत नाचले. हॉल डोक्यावर घेतला पोरींनी. पुन्हा, पुन्हा म्हणून दोनदा करायला लावलं. पहिलं बक्षीस मिळालं. आठवडाभर मला जिन्यात, मेसमध्ये मुली थांबवून 'नावं ठेवू नका' म्हणत आणि मी तुमच्यासारखी मान हलवून दाखवे. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणीतरी झाले होते. मैत्रिणीचा मावसभाऊ जालन्याचाच होता, त्याचा लाऊडस्पीकर आणि मांडवाचा धंदा. तो कॅसेट मागायला आला. मी एक क्षण अडखळले, एवढं मला आठवतं. जालन्यात तुम्ही होतात. पण तो म्हणाला, 'एकदम कडक बनवलंय, वरातीत तुफान चालंल,' आणि मी कॉपी काढून दिली. वर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'बाईंचा डिस्को.'

पुढचा मे महिना. मी सुट्टीला घरी आलेय, तुम्ही आणि मी भाईंच्या दुकानातून परत निघालोय, संध्याकाळचे सहा वाजले असतील, ऊन अजून भिंतींवर. गल्लीच्या तोंडाशी वरात आडवी येते. आपण एका कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर चढून वाट देतो. टेम्पोवर चार कर्णे, पुढे तरुण पोरं शर्ट घामानं भिजलेले, घोड्यावर नवरदेव पेंगुळलेला. बँडवाले दम खायला थांबतात आणि टेम्पोवरचा माणूस कॅसेट बदलतो. आणि तुम्ही बोलायला लागता. चारही कर्ण्यांतून. नका, नका, ठेवू नका. पोरं हात वर करून ओरडतात, म्हणजे त्यांना ते आधीच माहीत होतं. मी तुमच्याकडे बघितलं नाही. मी तुमच्या चपलेकडे बघत होते, तिचा अंगठा शिवलेला होता. तुम्ही मात्र मान थोडी तिरकी करून, वर्गात नवं गाणं लावल्यावर ऐकायच्या तशा ऐकत होतात. वरात पुढे सरकली तेव्हा गाणं अर्ध्यात होतं. आवाज लांब गेल्यावर तुम्ही म्हणालात, 'माझा आवाज व्हता.' मग तुम्ही माझ्याकडे बघून, अगदी सावकाश म्हणालात, 'भाईनं दिला असंल का कुणाला? कॅसेट तर त्यांच्याकडंच भरली व्हती.' आणि मी म्हणाले, 'असंल, बाई.' इतकं सहज निघालं ते तोंडातून. वर मी आणखी म्हणाले, 'दुकानदार माणूस, कुणी मागितलं तर देणारच ना.' हे मला कुणी विचारलं नव्हतं.

ते गाणं त्या वर्षी गावभर वाजलं. गणपतीत वाजलं, हळदीत वाजलं. माझी धाकटी बहीण तेव्हा तुमच्याच वर्गात होती, तिच्याकडून मला कळत गेलं. शाळेच्या भिंतीपलीकडून पोरं ओरडतात. एका शनिवारी तुम्ही नकाशावर काठी ठेवून 'ऐका' म्हणालात आणि मागच्या बाकांवरून उरलेलं वाक्य ठेक्यात आलं. तुम्ही रागावला नाहीत म्हणे. टेप टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवलात आणि पुस्तकातला धडा काढायला सांगितलात, खनिज संपत्ती. त्यानंतर टेप परत वर्गात आला नाही. वह्याही बंद झाल्या. बहीण सांगत होती आणि मी भाकरी खात होते. आई म्हणाली, 'कोण मेल्यानं केलं असंल?' मी म्हणाले, 'काय की.'

दिवाळीत तुम्ही घरी बोलावलंत. मी टाळत होते, शेवटी आले. चुलीऐवजी तुमचा तो फरफरणारा पंपाचा स्टोव्ह, त्यावर चहा, आणि तुम्ही पाठमोऱ्या. पाठमोऱ्याच राहून तुम्ही म्हणालात, 'मला ज्यानं केलं त्याचा राग न्हाई. समोर येऊन सांगितलं तर मी काहीच म्हणणार न्हाई. उलट इचारीन, ते जोडलं कसं? मधी श्वास बी ऐकू येत न्हाई.' चहा वर आला, तुम्ही स्टोव्ह बारीक केलात. 'भाईला इचारू का?' मी बशीत चहा ओतला. मी म्हणाले, 'विचारा की.' तुम्ही मागे वळून माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, 'साखर बराबर हाय ना?' मी हो म्हणाले. चहात साखरच नव्हती बाई. मी तो तसाच प्यायले.

त्यानंतर मी काय केलं ते मला माणूस म्हणून सगळ्यात जास्त टोचतं. मी भाईंशी बोलणं सोडलं. खोटं खरं वाटावं म्हणून असेल, किंवा सारखं खोटं वागता वागता मलाच ते खरं वाटायला लागलं असेल. त्यांच्या दुकानासमोरून जाताना मान फिरवायचे. ते 'बेटी, कवा आली?' म्हणायचे आणि मी ऐकू न आल्यासारखं करायचे. पुढे नोकरी पुण्याला, लग्न, मुलगी. जालन्याला जाणं आई-वडिलांपुरतं. तुम्ही गेलात तेव्हा बहिणीचा फोन आला. रजा शिल्लक होती. मी गेले नाही. ऑफिसात कुणाला काही सांगितलंही नाही, फक्त त्या दिवशी डबा परत आणला.

आणि गंमत बघा, पुण्यात मला गाण्यातली दर्दी समजतात. सीडी आल्या, मग इंटरनेट, मग काय, सगळं जग बसल्या जागी. मी शोधून शोधून काढते, मालीचं, बल्गेरियाचं, जुन्या तुर्की गाण्यांवर नवी पोरं ठेका चढवतात तेही. सीड्या भरून वाटते. रविवारी आमच्याकडे आठ-दहा माणसं जमतात, मी ऐकवते, लोक विचारतात हे तुम्हाला कुठून लागलं? मी म्हणते, 'असंच, लहानपणापासून आवड.' एकदा इथल्या एका नाट्यगृहात मालीहून एक वादक आला. तेच भोपळ्याचं वाद्य, समोर, वीस हातांवर. तुम्ही एकदा पायरीवर बसून भाईंना म्हणाला होतात, 'एकदा समोर बसून ऐकायचंय, खरखरीशिवाय.' त्या माणसानं वाजवायच्या आधी त्याच्या भाषेत काहीतरी सांगितलं, दोन वाक्यं, आणि मला ते कळलं नाही तरी कळलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाहीये का? मी म्हटलं, एसी लागतोय.

गेल्या महिन्यात वडिलांच्या घराच्या कागदांसाठी जालन्याला गेले होते. जुन्या जालन्यात त्याच गल्लीत भाईंचं दुकान अजून आहे. आता मोबाईलची कव्हरं टांगलेली आणि पाटी, 'मोबाईलमध्ये गाणी भरून मिळतील.' त्यांचा मुलगा बघतो, भाई बाहेर खुर्चीवर बसतात. या वेळी मी मान फिरवली नाही. त्यांनी ओळखलं, खुर्ची मागवली, चहा मागवला. मी म्हणायला तोंड उघडणार होते, खरंच, पण त्यांनीच सुरू केलं. 'बाई वरातीच्या दुसऱ्याच दिवशी आल्त्या इथं. म्हणल्या, भाई, माफ करा, काल पोरीपुढं मी तुमचं नाव घेतलं. मी म्हणलं, कशापायी? तर म्हणल्या, आवाज फक्त तिच्याच कॅसेटीत हाय. तुम्ही गाणी भरताना मधी जागा सोडल्या, त्यात मी घरी बोलले, स्वैपाकघराचं दार लावून. स्टोव्हची फरफर बी आलीया त्यात, वरातीत बिलकुल साफ ऐकू आली. मंग म्हणल्या, तिला बोलायला एक दार उघडं ठेवलंय. येईल बोलायला.' भाईंनी चहा फुंकला. 'दर सुट्टीला इचारायच्या, पोरगी आल्ती का? मी म्हणायचो, समोरून गेल्ती. आत न्हाई आली.'

म्हणजे त्या ओट्यावर उभ्या असतानाच तुम्हाला माहीत होतं. 'भाईनं दिला असंल का' हे तुम्ही विचारत नव्हतात, मला जागा करून देत होतात. दिवाळीतल्या त्या बिनसाखरेच्या चहापर्यंत आणि त्यानंतरही, तुम्ही वाट बघत होतात. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी तुमची एक मैत्री मोडली. तेवढं तरी माझ्या हातून झालं नाही. तुम्ही दोघं दर शनिवारी त्याच पायरीवर बसून गाणी ऐकत होतात आणि माझी वाट बघत होतात, आणि मी समोरून मान फिरवून जात होते. भाईंना मी चुकलं असं त्या दिवशीही म्हटलं नाही. त्यांनी म्हणायची वेळच येऊ दिली नाही, असं मी इथं लिहू शकते, पण ते खरं नाही. वेळ होती. हे पत्रही टाकायचं नाहीये, टाकणार कुठे, आणि खरं तर तुम्ही असता तर मी ते लिहिलंच नसतं.

मी उठले तेव्हा भाई म्हणाले, 'एक इचारू का? त्या गाण्याची कापी हाय का तुझ्याकडं? बाईंना ते पुरं ऐकायचं व्हतं. वरात पुढं गेली, अर्धंच ऐकायला भेटलं म्हणायच्या. मी गावभर हुडकलं, ज्याच्या त्याच्याकडं घासून गेल्ती न्हाई तर पुसून टाकल्ती. आता बाई न्हाईत, पर मला वाटतं एकदा ऐकावं त्यांच्यापायी.' मी पर्स खांद्याला लावली आणि म्हणाले, 'नाही भाई, तेव्हाच हरवली.' ते म्हणाले, 'जाऊ दे.'

बाई, ती हरवलेली नाही. माझ्याकडे आहे.